नौदलीय रेडिओ संदेशांचे श्रवण

युद्धनौका परस्परांशी व किनाऱ्यावरील तळांशी ज्या कंप्रतांवर (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्यांवर) संपर्क साधतात, त्या शोधून त्यांवरील प्रेषणावर सतत लक्ष ठेवणे, असे या कार्याचे स्थूल स्वरूप आहे. संदेश सांकेतिक भाषेत असल्यास त्याचा मजकूर बहुधा कळत नाही. तथापि प्रेषक केव्हा बोलतो, किती वेळ बोलतो व कोणत्या दिशेकडून बोलतो, हे संकेत न उलगडताही समजते. परस्परांपासून दूर असलेल्या दोन-तीन केंद्रांनी घेतलेल्या दिशा नकाशावर जेथे छेदतात, तेथे जहाज असते. म्हणूनच युद्धकाळात मौन हे जहाजाचे एक संरक्षक साधन ठरले. १९१४ मध्ये मद्रासवर तोफा डागणाऱ्या एम्डेन या जर्मन क्रूझरने इतरांचे बिनतारी संभाषण ऐकत हिंदी महासागरात अनेक जहाजे गाठली. कोकोस बेटांवरील केंद्राने वेळीच पाठविलेल्या संदेशामुळे सिडनी ही ऑस्ट्रेलियन क्रूझर तेथे पोहोचली आणि एम्डेनचा शेवट झाला.

सागरी वापराच्या सु. १५६ ते १७४ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतांचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात. कोल्हापूर जिल्ह्यातील नेसरी येथून समुद्र सरळ रेषेत १०० किमी.च्या आत आहे; परंतु मध्ये सह्याद्री असल्याने किनाऱ्याजवळील जहाजांचे हे संभाषण तेथे सामान्यतः पोहोचत नाही. याउलट ३ ते ३० मेगॅहर्ट्‌झमधील लघुतरंग आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किमी. जातात व त्याच गावी साध्या ग्राहीवरही मिळू शकतात. उपग्रहांपूर्वी दूरच्या जहाजाशी बोलण्यास नौदलांना मुख्यतः याच तरंगांचा आधार होता. स्वकीयांना ऐकू जाणारे परकीयांनाही ऐकू जाई, ही अडचण त्यात मुळातच होती.

गोव्यातील मुरगाव बंदरात दुसऱ्या महायुद्धात याच अडचणीतून एक विलक्षण प्रकरण उद्‌भवले. पोर्तुगाल तटस्थ असल्याने काही जर्मन व्यापारी जहाजे व एक इटालियन जहाज तेथे आश्रयास होते. त्यांपैकी एरेनफेल्स या जहाजावरील गुप्त प्रेषकावरून दोस्त राष्ट्रांच्या जहाजांची ठिकाणे पाणबुड्यांना कळविली जातात, असा ब्रिटिशांचा समज होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स व कलकत्ता स्कॉटिश या राखीव पथकांतील, बहुतेक मध्यमवयीन, सैनिकांनी फीबी नावाच्या तराफ्यावरून त्यावर छापा घातला. कप्तान मारला गेला व खलाशांनी आपली जहाजे स्वतःच बुडविली. छाप्याची हकीकत रंजक असल्याने तीवर कादंबरीसदृश ग्रंथ व १९८० मध्ये चित्रपटही निघाला. मात्र त्या प्रेषकामुळे प्रत्यक्षात किती जहाजे बुडाली, याविषयी अशा कथनांतील ठाम विधाने जपूनच घ्यावयास हवीत.

मुंबईतील १९४६ च्या नाविक उठावाचे स्वरूप याहून वेगळे आहे. त्याच्या राजकीय बाजूविषयी पुष्कळ लिहिले गेले. संदेशवहनाच्या बाजूकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. उठाव सुरू झाला तो कुलाब्याच्या तलवार या तटस्थानात, आणि ते रॉयल इंडियन नेव्हीचे संदेशवहन प्रशिक्षण केंद्र होते. फेब्रुवारीच्या आरंभी भिंतींवर घोषणा लिहिल्याबद्दल अटक झालेले बलाईचंद्र दत्त हे तारायंत्रज्ञ. १९ फेब्रुवारीस निवडलेल्या संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान हे सिग्नलमन, तर उपाध्यक्ष मदन सिंग हे तारायंत्र विभागातील पेटी ऑफिसर होते. जहाजांच्या कंप्रता, बोलावणी-चिन्हे व संदेश पाठविण्याची रीत हे यांचे नित्याचे काम. अधिकाऱ्यांचा हुकूम ज्यांच्या हातांतून जावयाचा, तेच हात संपावर गेले. १८ फेब्रुवारीस निकृष्ट अन्न व अपमानकारक वागणूक यांवरून सुरू झालेला संप दुसऱ्या दिवशी बंदरातील जहाजांवर व नंतर कराची, मद्रास, कलकत्ता येथे पसरला. जहाजांवरील बिनतारी संचांचा त्यात मोठा वाटा होता. एकूण ७८ जहाजे, २० तटस्थाने व सु. २०,००० नौसैनिक, असे आकडे सामान्यतः दिले जातात.

त्या वेळी नौदलप्रमुख असलेले व्हाइस ॲडमिरल जॉन गॉडफ्री हे १९३९ ते १९४२ या काळात ब्रिटिश नाविक गुप्तवार्ता विभागाचे संचालक होते. शत्रूच्या नाविक संदेशांचे महत्त्व त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? २१ फेब्रुवारीस त्यांनी ऑल इंडिया रेडिओवरून, नौदलाचा नाश झाला तरी बेहत्तर, अशा आशयाची धमकी दिली. आपल्याच जहाजांशी बोलावयास त्यांना सार्वजनिक नभोवाणी वापरावी लागली, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. वल्लभभाई पटेल यांच्या सल्ल्यावरून २३ फेब्रुवारीस संप मागे घेण्यात आला. दरम्यान मुंबईच्या रस्त्यांवरील गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मरण पावली होती.

डिसेंबर १९७१ च्या युद्धात हांगोर या पाकिस्तानी पाणबुडीने मौन सोडून कराचीस संदेश पाठविले. भारतीय दिशाशोधन केंद्रांनी ते पकडले व तिचे ठिकाण दीवच्या नैर्ऋत्येस असल्याचे ताडले. तिच्या शोधास मुंबईहून खुकरी व किरपाण या फ्रिगेटी पाठविण्यात आल्या. परंतु रेडिओने दिलेले ठिकाण हे बोलण्याच्या क्षणाचे असते. पाणबुडी पुन्हा मूक झाल्यावर पुढील शोध पाण्यातील ध्वनीवर अवलंबून राहतो, आणि त्यात हांगोरची साधने सरस होती. ९ डिसेंबरच्या रात्री खुकरी बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक प्राणांस मुकले. पूर्व किनाऱ्यावर याच तत्त्वाचा उलट उपयोग झाला : राजपूत या विनाशिकेवरून मुद्दाम भरपूर बिनतारी संदेश पाठवून विक्रांत ही विमानवाहू नौका तेथेच असल्याचा भास निर्माण करण्यात आला.

पूर्वी यांत्रिक चकती हाताने फिरवून करावे लागणारे कंप्रताशोधन आता क्रमवीक्षक (स्कॅनर) आपोआप करतो. तो ठरविलेल्या कंप्रता एकामागून एक तपासतो व जेथे प्रेषण आढळते तेथे थांबतो. १५६·८ मेगॅहर्ट्‌झचा सोळावा मार्ग संकट व प्राथमिक पुकाऱ्यासाठी सर्व जहाजांना सामाईक असून बंदरात येताना युद्धनौकाही अशा मार्गांवर उघड बोलतात. मोहिमेचे संदेश मात्र संकेतबद्ध असतात. भारतात विनापरवाना बिनतारी संच बाळगणे १९३३ च्या अधिनियमाने गुन्हा ठरले होते, व २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानेही अनधिकृतपणे संदेश अडविण्यास शिक्षा सांगितली आहे. मोठ्या व्यापारी जहाजांना आपली ओळख व ठिकाण १६१·९७५ व १६२·०२५ मेगॅहर्ट्‌झवर आपोआप प्रक्षेपित करावे लागते. युद्धनौकांना ही सक्ती लागू नाही.