कन्स्ट्रक्टर : चुकीच्या नोंदीला दारातच अटकाव

शासकीय योजनांचे अर्ज संगणकावर भरले जाऊ लागल्यापासून शेतकऱ्याचा लाभ आधार क्रमांक आणि बँक खाते यांच्या अचूक नोंदीवर अवलंबून राहू लागला आहे. २०१७ मध्ये राज्य शासनाने दीड लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जासाठी ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’ जाहीर केली. अर्जांतील आणि बँकांकडील माहितीचा मेळ बसेना, एकाच आधार क्रमांकावर अनेक नावे आढळली आणि प्रत्यक्ष कर्जमाफीस विलंब झाला. हिंगोलीसारख्या शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्यात अशा विलंबाचा अर्थ पुढील हंगामाचे कर्ज अडणे असा होतो. चुकीची माहिती प्रणालीत शिरण्यापूर्वीच अडवण्याचा एक मार्ग म्हणजे कन्स्ट्रक्टरच्या आर्ग्युमेंटची पडताळणी.

संकल्पना

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगची बीजे नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांच्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत आढळतात. या पद्धतीत ‘क्लास’ हा आराखडा असतो, तर त्यावरून घडणारी प्रत्येक नोंद म्हणजे ‘ऑब्जेक्ट’. ऑब्जेक्ट जन्माला येताना जो भाग चालतो, तो कन्स्ट्रक्टर. त्याच्या हाती दिलेली मूल्ये म्हणजे आर्ग्युमेंट. ही मूल्ये न तपासता स्वीकारल्यास सदोष ऑब्जेक्ट प्रणालीभर फिरतो आणि चूक उघडकीस येते ती भलत्याच ठिकाणी, उशिरा.

तपासायचे काय?

पहिली तपासणी मूल्य आहे की नाही याची. सर टोनी होअर यांनी १९६५ मध्ये योजलेल्या ‘नल’ या रिकाम्या संदर्भाला त्यांनीच २००९ मध्ये अब्ज डॉलरची चूक ठरवले होते. दुसरी तपासणी स्वरूपाची. बँक शाखेच्या आयएफएससी संकेतांकात ११ चिन्हे असतात आणि पाचवे चिन्ह शून्यच असते. आधार क्रमांकात १२ अंक असून पहिला अंक शून्य किंवा एक नसतो; शेवटचा अंक डच गणितज्ञ याकोबस व्हेरहॉफ यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या सूत्राने ठरतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर हे सूत्र ती चूक पकडते.

तिसरी तपासणी मूल्यांच्या परस्परसंबंधाची. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. साहजिकच, ‘जिल्हा हिंगोली’ आणि ‘नोंदणी वर्ष १९९५’ ही दोन्ही मूल्ये स्वतंत्रपणे योग्य असली तरी एकत्र अशक्य आहेत. तसेच तालुका हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचांपैकीच हवा. ‘जिंतूर’ आल्यास नोंद नाकारावयास हवी.

नकार कसा द्यावा?

मूल्य अयोग्य आढळल्यास कन्स्ट्रक्टरने ‘एक्सेप्शन’ उभारून काम थांबवावे. जावात त्यासाठी ‘इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन’, तर पायथॉनमध्ये ‘व्हॅल्यू एरर’ आहे. सी प्लस प्लसमध्ये असा नकार मिळाल्यास ऑब्जेक्ट जन्मलाच नाही असे मानले जाते. कोणते मूल्य का नाकारले, हे संदेशात स्पष्ट असावे. मात्र आधार क्रमांकासारखी खासगी माहिती त्यात पूर्ण छापू नये. ‘असर्ट’वर विसंबणे धोक्याचे, कारण जावात ते मुळातच बंद असते आणि पायथॉनमध्ये बंद करता येते. बाहेरून आलेली यादी नंतर बदलली जाऊ शकते. म्हणून आधी तिची प्रत घ्यावी, मग ती प्रत तपासावी.

तपासणी टाळल्याची किंमत मोठी असू शकते. ४ जून १९९६ रोजी ‘एरियन ५’ अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. १६ बिटच्या जागेत न मावणारे मूल्य तेथे तपासणीविना रूपांतरित केले गेले होते.

मर्यादा

कन्स्ट्रक्टर एका वेळी एकच नोंद पाहतो. तोच आधार क्रमांक दुसऱ्या अर्जात आहे का, हे त्याला ठाऊक नसते. ते काम डेटाबेसमधील ‘युनिक’ बंधनाचे. क्रमांक सूत्रात बसला म्हणून तो त्याच शेतकऱ्याचा आहे, असेही सिद्ध होत नाही. महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत २०२० मध्ये याद्या आधी प्रसिद्ध करून शेतकऱ्याकडून आधार प्रमाणीकरण करून घेण्यात आले, ते याचसाठी.

नोंद आकाराने योग्य आहे का, हे कन्स्ट्रक्टरने पाहावे. ती एकमेव आहे का, हे डेटाबेसने. आणि ती खरी आहे का, हे प्रमाणीकरणाने. यांपैकी एक पायरी गाळली, तर तिचा भार अखेरीस रांगेत उभ्या असलेल्या अर्जदारावरच पडतो.