हॉट रॉड : देखभालीच्या बाजूने एक वाचन

हॉट रॉडचा इतिहास बहुधा वेगाच्या अंगाने सांगितला जातो. तो देखभालीच्या अंगानेही वाचावा, असे आम्हांस वाटते.

१९३२ साली फोर्डने आपले 'फ्लॅटहेड' व्ही-८ इंजिन सामान्यांना परवडणाऱ्या गाडीत आणले. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड गाड्या घेत, मडगार्ड काढून त्या हलक्या करीत आणि मुरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या तळावर पळवीत. १९३७ मध्ये 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' स्थापन झाली. १९४८ मध्ये 'हॉट रॉड' मासिक निघाले.

परंतु पळण्याआधी गाडी सुरू व्हावी लागते. थंड इंजिनाला चोक ओढून अधिक पेट्रोल द्यायचे आणि ते तापेल तसतसा, आवाज ऐकत, चोक सोडत जायचा. या इंजिनात जळालेल्या वायूची वाट सिलिंडरांच्या ठोकळ्यातूनच जाते व भोवतीचे पाणी तापवते. त्यामुळे रेडिएटर आणि पाण्याचे दोन्ही पंप यांकडे दुर्लक्ष करणाऱ्याला ते भर रस्त्यात उभे करते. पॉइंटांमधील फटही वेळोवेळी हाताने जुळवावी लागते.

आजच्या गाडीत यांतील बहुतेक निर्णय संगणक घेतो. जुन्या धाटणीची हॉट रॉड बाळगणाऱ्याला मात्र ते पुन्हा स्वतः शिकावे लागतात. संहितेचे सूक्ष्म वाचन आम्ही वर्गात शिकवतो. इंजिन उघडून, चुकून, पुन्हा जोडून केलेले हेही वाचनच आहे. संस्कृतीच्या इतिहासात तेलाने काळवंडलेल्या या हातांची नोंद आपण कोठे करणार आहोत?