भायखळा–परळ मतदारसंघ

१९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी आखलेला, मुंबई शहरातील एक जुना मतदारसंघ. तो 'सर्वसाधारण' गटातील, एकाहून अधिक सदस्य निवडून देणारा होता व त्यातील एक जागा अस्पृश्य वर्गासाठी राखीव होती. १९३७ व १९४६ अशा दोनच सार्वत्रिक निवडणुका त्याच्या वाट्याला आल्या. त्यांतील पहिलीने त्याला इतिहासात जागा दिली : डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथून विधानसभेवर गेले. त्यापूर्वीच्या विधिमंडळात ते सरकारनियुक्त सभासद होते. मतदारांनी निवडून दिले ते येथेच प्रथम.

परळ म्हणजे गिरण्या, भोंगे आणि चाळी. आंबेडकरांची बरीच वर्षे परळच्या बी. आय. टी. चाळीत गेली होती आणि त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेची मुहूर्तमेढ १९२४ मध्ये तेथल्याच दामोदर हॉलमध्ये रोवली गेली. मात्र मतदारयादी म्हणजे सारी वस्ती नव्हे. प्रौढ मताधिकार नव्हता, आणि भायखळ्यातील मुसलमानांची नावे स्वतंत्र मतदारसंघाच्या यादीत होती.

राखीव जागेचे मूळ २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात आहे. त्यानुसार मतदान सर्व हिंदू मतदारांचे एकत्र होई. अशा संयुक्त मतदानात बहुसंख्याकांच्या पसंतीचाच उमेदवार राखीव जागेवर येईल, ही आंबेडकरांची भीती रास्त होती. मुंबई प्रांतातील मतदानपद्धतीने तिला काही उतारा दिला. जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला मिळत, आणि ती वाटून द्यायची की सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकायची, हे मतदार ठरवी. संख्येने थोडे पण एकजुटीचे मतदार त्यामुळे आपला माणूस निवडून आणू शकत. या मतदारसंघाच्या इतिहासात हा नियम उमेदवारांइतकाच महत्त्वाचा आहे.

१७ फेब्रुवारी १९३७ रोजी झालेल्या मतदानात स्वतंत्र मजूर पक्षाच्या आंबेडकरांसमोर काँग्रेसने पी. बाळू, म्हणजे बाळू पालवणकर, यांना उभे केले. बाळू चर्मकार समाजातले, डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले होते. तरुण आंबेडकरांना त्यांचा मोठा अभिमान वाटे. पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. ज्या माणसाला मैदानावर गोलंदाजी करू देत पण चहा वेगळ्या कपात देत, त्याचा पराभव येथे त्याच्याच चाहत्याकडून व्हावा, ही या लढतीची वेदना आहे. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते पडली. वरील पद्धतीमुळे हे आकडे मतांचे आहेत, माणसांचे नव्हेत.

निवडून आल्यावर आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती (कोकणातील जमीनदारीची पद्धत) नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढल्या वर्षी बाळ गंगाधर खेर मंत्रिमंडळाच्या औद्योगिक कलह विधेयकाने संपावर निर्बंध येणार, हे दिसताच त्यांनी सभागृहात कडाडून विरोध केला. या विधेयकाविरुद्धच्या ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात त्यांचा पक्ष व कम्युनिस्ट एकत्र उतरले. परळच्या कामगार मैदानावर त्यासाठी सभा झाली. प्रतिनिधी आणि मतदार एकाच लढ्यात उभे होते. विधेयक मात्र मंजूर झाले. नोव्हेंबर १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रांतात गव्हर्नरची राजवट आली.

१९४६ च्या निवडणुकीत आंबेडकरांच्या नव्या पक्षाला, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनला, मुंबई प्रांतात यश आले नाही.

१९५१–५२ ची, स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक प्रौढ मताधिकाराने, नव्या सीमांनिशी झाली आणि हा मतदारसंघ संपला. द्विसदस्य मतदारसंघ राहिले, परंतु सगळी मते एकाला देण्याची मुभा गेली; तसे केल्यास जादा मत बाद होई. त्या वेळी उत्तर मुंबईच्या द्विसदस्य लोकसभा मतदारसंघात आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. तेथे चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक मते बाद ठरली होती. निकालाविरुद्ध आंबेडकर व तेथेच हरलेले समाजवादी उमेदवार अशोक मेहता यांनी मिळून दाद मागितली.