नालाकृती मूत्रपिंडातील मुतखडे : शस्त्रक्रिया

जन्मतःच दोन्ही मूत्रपिंडांची खालची टोके मध्यरेषेवर जुळून घोड्याच्या नालासारखा आकार झाला, तर त्यास नालाकृती मूत्रपिंड म्हणतात. दवाखान्यातला रूढ शब्द ‘हॉर्सशू किडनी’. सुमारे ४०० ते ५०० जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण असून ते पुरुषांत अधिक आढळते. पुष्कळदा सोनोग्राफी होईपर्यंत त्याचा पत्ताच नसतो.

कारणे : गर्भावस्थेत मूत्रपिंडे ओटीपोटातून वर सरकताना आत वळतात. जुळलेला पूल मोठ्या आतड्याच्या खालच्या धमनीशी अडतो. त्यामुळे ती खालीच राहतात आणि पुरती वळत नाहीत. मूत्रवाहिनी उंचावरून निघून पुलावरून उतरते. लघवी तुंबते आणि सुमारे पाचांतल्या एकाला खडे होतात. भवानी पेठेसारख्या सोलापूरच्या विणकर वस्तीत उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. मागावर घाम गाळून पाणी कमी प्यायले, तर लघवी दाट होते आणि खड्यांचा धोका वाढतो.

उपचार : ध्वनिलहरींनी खडा फुटतो, पण चुरा वाहून जाईलच असे नाही. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या खड्यांसाठी मूत्रमार्गातून लवचिक दुर्बीण घालून लेझर वापरतात. त्याहून मोठ्या खड्यांसाठी पाठीतून छिद्र पाडून दुर्बिणीने खडे काढतात. ही पद्धत १९७६ मध्ये स्वीडनमध्ये प्रथम वापरली गेली. नालाकृती मूत्रपिंडात बहुधा वरच्या कप्प्यातून शिरतात. मूत्रपिंड खाली असल्याने फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याची भीती कमी असते आणि मुख्य रक्तवाहिन्याही बहुतांशी पुढच्या अंगाला असतात. खोली जास्त असल्याने लांब दुर्बीण लागते. आतडे कधी मूत्रपिंडामागे आलेले असते, म्हणून आधी सीटी स्कॅन महत्त्वाचा. ओटीपोटातच राहिलेल्या मूत्रपिंडापुढे आतडी आणि मागे हाडे असल्याने तेथे पोटातील दुर्बिणीचा आधार घेतात. मूत्रवाहिनीच्या तोंडाशी अडथळा असल्यास तोही दुरुस्त करावा लागतो. नुसता खडा काढल्याने लघवीचे तुंबणे थांबत नाही.

स्थानिक सोय : सोलापुरात १९६३ मध्ये सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी सर्वोपचार रुग्णालय संलग्न आहे. शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. पुढे ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालू राहिली.

पुनरुद्भव : खडा निघाला तरी मूत्रपिंडाची ठेवण तीच राहते. म्हणून खड्याचे पृथक्करण, भरपूर पाणी आणि ठराविक काळाने सोनोग्राफी आवश्यक ठरते.