काचेमागच्या रेघा

ताम्रपटाचा काळ अक्षरांच्या वळणावरून ओळखतात. नाणे टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ खेळांच्या पेट्यांविषयी वाचू लागलो, तेव्हा त्यांचाही काळ असाच ओळखता येतो, हे माझ्या ध्यानी आले. येथे अक्षरे नव्हेत, काचेमागच्या रेघा वाचायच्या.

१९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीच्या ॲलन अल्कॉर्न यांनी ‘पाँग’ हा खेळ सिद्ध केला, तेव्हा पडदा म्हणून दुकानात मिळणारा साधा कृष्णधवल टेलिव्हिजनच बसवला. त्या देशातील टेलिव्हिजनच्या चित्रनळीत विद्युत्कणांचा झोत सेकंदाला सुमारे १५,७५० रेघा ओढी. पुढे खेळांसाठी निराळे मॉनिटर निघाले, पण चाल तीच राहिली. १९८० चा जपानी ‘पॅकमॅन’ याच घराण्यातला. फक्त त्याची नळी कुशीवर वळवून बसवलेली.

नंतरच्या पिढीने रेघा दाट केल्या. नव्वदीतल्या सेगा कंपनीच्या ‘डेटोना यूएसए’ला सेकंदाला सुमारे २४,००० रेघांचा मध्यम मॉनिटर लागे. १९९८ च्या ‘नाओमी’ यंत्रापर्यंत ही संख्या ३१,५०० वर पोचली. तेव्हा दिसणाऱ्या रेघा ४८० झाल्या. या तिघांहून निराळा तो १९७९ चा ‘ॲस्टेरॉइड्स’. त्यात ठराविक रेघांची ओळच नाही. झोत हातातल्या पेन्सिलीसारखा थेट आकृतीच रेखाटतो.

मग ओळखायचे कसे? इंचांवर विसंबू नये. इलेक्ट्रोहोम कंपनीचे ‘जी ०५’ आणि ‘जी ०७’ हे दोन्ही मॉनिटर एकोणीस इंची मिळत. नावात एका आकड्याचा फरक. पण पहिला कृष्णधवल, आकृती रेखाटणारा, तर दुसरा रंगीत, १५,७५० रेघांचा. एकाच्या जागी दुसरा मुळीच चालत नाही. १५,७५० रेघांच्या मॉनिटरला ३१,५०० रेघांचा संकेत दिला, तर चित्र फाटते. आणि बिचारी धडधाकट नळी बिघडलेली समजून भंगारात जाते.

आज अशा चित्रनळ्या मोठ्या कारखान्यांतून निघत नाहीत. गेली ती गेलीच. आणि तिच्या रेघा हिशेबात धरून काढलेली चित्रे सपाट पडद्यावर तशी दिसत नाहीत. म्हणून ज्याच्या हाती अशी पेटी येईल, त्याने आधी मॉनिटरवर चिकटवलेली चिठ्ठी वाचावी. मात्र हात जपून! बटण बंद केल्यावरही नळीत हजारो व्होल्टची वीज दबा धरून बसलेली असते.