मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने नायटा बरा का होत नाही?

पावसाळ्यात ओली जीन्स अंगावरच वाळते. काही दिवसांनी जांघेत खाज सुटते. जागा अशी की कुणाला दाखवायची लाज वाटते. मग मेडिकलवर गर्दी कमी व्हायची वाट बघायची आणि हळूच म्हणायचं, "खाजेवर काहीतरी द्या ना." समोरून एक स्वस्तातली ट्यूब येते. दोन दिवसांत खाज गायब, लालीही गायब. ट्यूब बंद केली की थोड्याच दिवसांत खाज परत येते आणि डाग आधीपेक्षा मोठा झालेला असतो.

आमच्या होस्टेलमध्ये अशी एकच ट्यूब तीन खोल्यांमध्ये फिरायची. ती लावणाऱ्यांमध्ये मीही होते. त्या ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचायचं कुणालाच सुचलं नाही.

नायटा, गजकर्ण, दाद, रिंगवर्म ही सगळी एकाच आजाराची नावं. इंग्रजी नावात 'वर्म' असलं तरी यात किडा-बिडा काही नसतो, ही बुरशी असते. त्वचेच्या वरच्या थरात केराटिन नावाचं प्रथिन असतं, त्यावर ती जगते. घाम, ओल आणि घट्ट कपडे तिला मानवतात. म्हणून जांघ, कंबर, काख आणि स्तनांखालची घडी या तिच्या ठरलेल्या जागा. ती माणसाकडून माणसाला लागते, टॉवेल आणि कपड्यांमधूनही लागते.

त्या ट्यूबमध्ये असतं काय?

बहुतेक वेळा तीन-चार औषधांची खिचडी. एक बुरशीविरोधी, एक-दोन अँटिबायोटिक्स आणि एक स्टेरॉइड. हे स्टेरॉइड अनेकदा क्लोबेटासोल असतं. त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमध्ये ते सर्वांत जहाल गटात मोडतं.

खाज आणि लाली म्हणजे बुरशीशी लढणाऱ्या आपल्या शरीराची प्रतिक्रिया. स्टेरॉइड ही प्रतिक्रियाच दाबतं. त्यामुळे आपल्याला बरं वाटतं, पण बुरशीला रान मोकळं मिळतं. ती पसरते आणि तिचं रूपही बदलतं. नायट्याची ओळख म्हणजे गोल चकंदळ, कडा उंचावलेली आणि खवल्यांची, मध्यभाग त्यामानाने साफ. स्टेरॉइड लावलेल्या नायट्यात ही कडा पुसट होते, कधी एका गोलात दुसरा गोल दिसतो. डॉक्टरही चकतील असं हे रूप. त्याला 'टिनिया इनकॉग्निटो', म्हणजे वेश बदललेला नायटा, असं नावच आहे.

शिवाय त्वचा पातळ होते. जांघेत आणि काखेत गरोदरपणात पोटावर उमटतात तसे पट्टे येतात. नायटा बरा झाला तरी हे पट्टे जात नाहीत. विशी-पंचविशीतल्या मुलामुलींच्या मांड्यांवर ते कायमचे राहतात.

स्टेरॉइड हे वाईट औषध आहे असं मात्र नाही. इसब किंवा सोरायसिसमध्ये डॉक्टर तेच देतात आणि त्याने आराम पडतो. घोळ होतो तो बुरशीवर स्टेरॉइड लावल्याने.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड्स चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. काउंटरवर काय चालतं, ते तुम्हीच बघा.

आता तर बुरशीही बदलली आहे. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी तिथे राहणाऱ्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांमध्ये सापडलेल्या बुरशीला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' हे नाव दिलं. नायट्यावरचं नेहमीचं औषध म्हणजे टर्बिनाफिन. या बुरशीच्या अनेक प्रकारांवर ते चालत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने न्यूयॉर्कमधल्या दोन महिलांना तिची लागण झाल्याचं जाहीर केलं. स्टेरॉइडच्या खिचडी क्रीमचा बेसुमार वापर हे तिच्या फैलावामागचं एक मोठं कारण मानलं जातं.

नायटाच आहे, हे कसं कळतं?

त्वचारोगतज्ज्ञ कडेचे खवले ब्लेडने हलकेच खरवडतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीचे धागे दिसले की निदान पक्कं. दुखत नाही, वेळही फार लागत नाही. तुम्ही आधी कोणती क्रीम लावलीत ते मात्र लपवू नका. रिकामी ट्यूब सोबत न्या.

सगळीच खाज नायट्याची नसते. रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल आणि घरातल्या इतरांनाही खाज असेल, तर खरूज असू शकते. तिचं औषध वेगळं. आणि डाग फिकट किंवा लालसर असून खाजत नसेल, तिथे स्पर्श कळत नसेल, तर लगेच सरकारी दवाखान्यात दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे उपचार मोफत मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो.

उपचार

लहानसा डाग असेल तर फक्त बुरशीविरोधी क्रीम पुरते. डागाच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायची. डाग दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे चालू ठेवायची. बहुतेक जण नेमके इथेच चुकतात. डाग पसरलेला असेल तर गोळ्या लागतात, बऱ्याचदा इट्राकोनाझोल. या गोळ्या मनाने घेऊ नका. हृदयाचा किंवा यकृताचा त्रास असेल, दुसरी औषधं चालू असतील, गरोदर असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. पूर्वी दोन-चार आठवड्यांत आटपणारा उपचार आता अनेकांना दोन-तीन महिनेही घ्यावा लागतो.

ट्यूब वाचायची एक सोपी खूण सांगते. नावाच्या शेवटी 'झोल' असेल तर बहुधा बुरशीचं औषध: क्लोट्रिमाझोल, ल्युलिकोनाझोल. 'सोल' किंवा 'सोन' असेल तर बहुधा स्टेरॉइड: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन. एकाच ट्यूबवर दोन्ही दिसली तर ती नायट्यावर लावू नका.

लसूण चोळण्याचा घरगुती उपाय तर नकोच, त्वचा भाजते.

घरात कुणालाही खाज असेल तर सगळ्यांचे उपचार एकाच वेळी करा, नाहीतर नायटा घरातल्या घरात फिरत राहतो. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून उन्हात वाळवायचे. पावसाळ्यात ऊन नसेल तर शिवणींवरून गरम इस्त्री फिरवायची. कमरेला करदोटा असेल तर उपचार संपेपर्यंत काढून ठेवा, कारण ओल्या दोऱ्यात बुरशी टिकते. घरच्यांना हे पटवायला वेळ लागेल.

आधीच महिनोन्महिने खिचडी क्रीम लावली असेल तर ती थांबवल्यावर सुरुवातीला खाज आणि लाली उसळते. त्या दिवसांत पुन्हा तीच ट्यूब हातात घेतली जाते. डॉक्टर त्यासाठी खाजेच्या साध्या गोळ्या देतात, त्या आधीच मागून घ्या.