काळं दातवण, पांढरी पेस्ट

मागच्या महिन्यात कार्यक्रम संपल्यावर एका ताईंचा फोन आला. त्यांच्या सोळा वर्षांच्या लेकीला शाळेच्या प्रॉमआधी दात पांढरे करून हवेत. तीन तऱ्हेच्या व्हाइटनिंग पेस्ट वापरून झाल्या, फरक दिसेना, म्हणून आता तिने इंटरनेटवर एक किट शोधून ठेवलंय. "या पेस्टनी खरंच काही होतं का हो?" ताईंनी विचारलं. उत्तर द्यायचं तर जरा मागे जावं लागेल.

त्या मुलीच्या खापरपणजीला हा प्रश्नच कळला नसता. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे अनेक घरांतल्या लग्न झालेल्या बायका दातवण लावून दात मुद्दाम काळे करत. जपानातही ही रीत होती. तिथे व्हिनेगरमध्ये लोखंड विरघळवून त्यात झाडावरच्या गाठींची पूड मिसळत. त्या पुडीतलं टॅनिन आणि लोह एकत्र आले की शाईसारखा काळा रंग होतो. १८७३ मध्ये जपानच्या सम्राज्ञीने दात काळे करणं सोडलं आणि मग ती रीत मागे पडत गेली. हे टॅनिन लक्षात ठेवा, आपल्या चहातही ते असतं.

पांढऱ्या दातांची हौसही जुनीच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कातुल्लस या रोमन कवीने एग्नातियस नावाच्या माणसाची टर उडवली, कारण तो म्हणे लघवीने दात घासायचा. नाक मुरडू नका. शिळ्या लघवीत अमोनिया तयार होतो, आणि रोमचे धोबी कपड्यांचा मळही त्यानेच काढत. आपल्याकडे होती राखुंडी, म्हणजे गोवऱ्यांची राख. माझे आजोबा जन्मभर तीच वापरत. ऐंशीव्या वर्षी त्यांचे दात जागेवर होते, पण हिरडीजवळ नख अडकेल अशा खाचा पडल्या होत्या आणि त्या खाचा पिवळ्याधमक होत्या.

सगळी गोम त्या खाचांत आहे. दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, अर्धपारदर्शक असतं आणि आतलं डेंटिन मुळातच पिवळसर. दाताचा रंग बराचसा आतून दिसतो. कवच झिजलं की पिवळेपणा वाढतो, आणि झिजलेलं कवच पुन्हा येत नाही.

जाहिरातदारांना याचं सोयरसुतक नव्हतं. पेप्सोडेंटसाठी क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरातकाराने युक्ती काढली: दातांवरून जीभ फिरवून बघा, एक थर जाणवेल, त्यानेच तुमचे दात मळकट दिसतात. थर तर प्रत्येकाच्या दातांवर असतो, आणि नुसत्या ब्रशनेही निघतो! पण अमेरिकेने जीभ फिरवली आणि पेस्ट घेतली. १९३० च्या दशकात तिथे टार्टारॉफ नावाचं एक द्रावण विकलं जाई. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. दात चमकत, कारण कवचच विरघळत होतं. सौंदर्यप्रसाधनांवर सरकारचा अंकुश आला तो १९३८ च्या कायद्याने.

आजच्या पेस्टमध्ये काय असतं? बहुतेकींत सिलिकासारखे बारीक कण असतात, म्हणजे राखुंडीचीच सुधारलेली नात. चहाच्या टॅनिनचे, कॉफीचे, तंबाखूचे वरवरचे डाग त्याने निघतात, हे खरं. पण तिथेच पेस्टचं काम संपतं. दात आपल्या मूळ रंगावर येतात, त्यापुढे जात नाहीत. पेस्ट डेंटिन किती घासते हे मोजायची आरडीए नावाची पट्टी आहे आणि तिची वरची मर्यादा २५० आहे, पण हा आकडा ट्यूबवर सहसा छापत नाहीत. काही पेस्टमध्ये निळा रंग असतो. धोतराला नीळ द्यायचे ना, तसंच: पिवळ्यावर निळ्याची झाक आली की पांढरं भासतं, मग उतरतं. कोळशाच्या काळ्या पेस्टबद्दल २०१७ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात आढावा आला होता. दाव्यांना पुरेसा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष. माकडछाप काळ्या मंजनाला नाकं मुरडणाऱ्यांनी आता कोळशाला दुप्पट पैसे मोजावेत, याचं मला हसू येतं.

आतला रंग बदलतो तो पेरॉक्साइडने. ते एनॅमलमधून आत झिरपून रंगद्रव्य फोडतं, पण त्याला वेळ लागतो. १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या अमेरिकन दंतवैद्यांनी रात्री दातांवर साचा बसवून त्यात पेरॉक्साइडची जेल भरायची पद्धत प्रसिद्ध केली. तिथे काही तास मिळतात, पेस्टला दोन मिनिटं. शिवाय इथे ब्रिटनमध्ये दुकानातल्या मालात हायड्रोजन पेरॉक्साइड ०.१ टक्क्याहून जास्त चालत नाही. ६ टक्क्यांपर्यंतचं फक्त दंतवैद्यामार्फत मिळतं, आणि नुसतं छान दिसण्यासाठी अठरा वर्षांखालच्यांना तेही नाही. पार्लरमध्ये हे काम करणं बेकायदा आहे.

तेव्हा ताई, ते किट मागवू नका. इंटरनेटवरच्या अशा किटमध्ये किती टक्के काय आहे, हे तुम्हाला घरी कळणार नाही. लेकीला दंतवैद्याकडे न्या, चहाचे डाग असतील तर दात साफ करून घ्या, आणि रोजची पेस्ट साधी फ्लोराइडची राहू द्या. तिला खापरपणजीच्या दातवणाची गोष्टही सांगा. आधी विश्वास ठेवणार नाही.

आणि श्रोतेहो, कुणाच्या घरी दातवणाची कृती जुन्या वहीत लिहून ठेवलेली असेल, तर आम्हाला जरूर कळवा.